गर्दी आणि गिऱ्हाईक : स्टेट कॉलेजमधून दिसणारे समाजमाध्यमांचे अर्थकारण

स्टेट कॉलेज (पेनसिल्व्हेनिया) : २ नोव्हेंबर २०२४ रोजी येथील बीव्हर स्टेडियममध्ये पेन स्टेट आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. त्या दिवशी मैदानात १ लाख ११ हजार ३० प्रेक्षक होते आणि या मैदानाच्या इतिहासातील हा उच्चांक ठरला. ज्या गावात हा सामना झाला त्या स्टेट कॉलेजची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे ४० हजार आहे. म्हणजे गावाच्या अडीचपटीहून अधिक माणसे एका दुपारी एकाच मैदानात बसली आणि रात्रीपर्यंत पांगलीदेखील. अशा शनिवारी कॉलेज अव्हेन्यूवर पाय ठेवायला जागा नसते. मात्र घरच्या मैदानावरचे सामने वर्षाकाठी सात-आठच असतात. मे महिन्यात विद्यार्थी घरोघरी परतले की तीच बाजारपेठ सुनी पडते. भाडे आणि पगार मात्र बाराही महिने द्यावे लागतात. या गावातील दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट शिकत आले आहेत : गर्दी आणि गिऱ्हाईक यांत अंतर असते, आणि दुकान चालते ते गिऱ्हाइकाच्या बळावर.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांना हे अंतर आज नव्याने समजून घ्यावे लागत आहे. दिवाळीचा फराळ, पैठणी आणि दागिने, मुलांसाठी गणिताचे वर्ग, करसल्ला, घरांची खरेदी-विक्री, ढोल-ताशाचे प्रशिक्षण असे कितीतरी लहान व्यवसाय आता इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूबवरच जन्माला येतात. त्यातील बरेचसे नोकरी सांभाळून किंवा जोडीदाराच्या नोकरीच्या आधारावर चालवले जातात. प्रत्येकाला मिळणारा पहिला सल्ला एकच असतो, तो म्हणजे फॉलोअर वाढवा. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी स्टेट कॉलेज हे फार सोयीचे ठिकाण आहे. या विषयावरील एक महत्त्वाचे संशोधन येथेच झाले असून त्याचे बरेवाईट अनुभवही या गावाने घेतले आहेत.

न वाचता पुढे सरकवलेले

पेन स्टेटमधील माध्यम परिणाम संशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक, भारतीय वंशाचे प्राध्यापक एस. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१७ ते २०२० या काळात फेसबुकवर मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या दुव्यांच्या साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक पोस्ट त्यांनी तपासल्या. निष्कर्ष असा की, शेअर केलेल्या दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के दुवे शेअर करणाऱ्याने उघडलेच नव्हते. मथळा वाचला, तो आपल्या मताशी जुळला आणि पुढे सरकवला, एवढाच तो व्यवहार होता. मजकूर राजकीयदृष्ट्या जितका टोकाचा, तितके हे न उघडता शेअर करण्याचे प्रमाण अधिक आढळले.

हा अभ्यास प्रामुख्याने बातम्यांच्या आणि राजकीय मजकुराच्या दुव्यांचा आहे. चकलीच्या छायाचित्राला किंवा साडीच्या रीलला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही व्यावसायिकाने त्यातून एक बोध घ्यावा. शेअरचा आकडा म्हणजे वाचकांचा आकडा नव्हे, मग तो खरेदीदारांचा तर नाहीच नाही. मराठी घरांना हे पटायला संशोधनाची गरजही पडू नये. सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आलेला लांबलचक संदेश दुपारपर्यंत चार गटांत फिरतो. तो शेवटपर्यंत कोणी वाचला हे विचारण्याची सोय नसते. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच संवादांपर्यंत संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा २०१८ मध्ये घातली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एका संवादावर आणली. न वाचता पुढे पाठवणे हा किती मोठा प्रश्न आहे याची ती एक कबुलीच होती.

एक उदाहरण घेऊ. समजा, स्टेट कॉलेजमधील एका गृहिणीने अनारशांचे रील टाकले आणि ते पन्नास हजार वेळा पाहिले गेले. पाहणारे पुण्यात असतील, दुबईत असतील, सॅन होजेत असतील. तिचे अनारसे मात्र गाडीने पोहोचवता येतील तेवढ्याच अंतरावर विकले जाणार. पिट्सबर्ग अडीच-तीन तासांवर आहे आणि फिलाडेल्फिया त्याहून लांब. तिच्या खऱ्या बाजारपेठेत फार तर काही शे घरे आहेत. त्या घरांपैकी दहा नव्या घरांनी मागणी नोंदवली तर तिची दिवाळी चांगली गेली. पन्नास हजारांच्या आकड्यात ती दहा घरे आहेत की नाहीत, हे तो आकडा सांगत नाही.

भाड्याची जागा

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. समाजमाध्यमावरील पान व्यावसायिकाचे असते, पण त्या पानापर्यंत येणारा रस्ता कंपनीचा असतो आणि ती तो केव्हाही वळवू शकते. एखाद्या पानाची पोस्ट त्याच्या सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंतच पोहोचते, असे फेसबुकने स्वतःच २०१२ मध्ये सांगितले होते. पुढे ते प्रमाण आणखी घसरत गेले. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा व्यावसायिक पाने आणखी मागे ढकलली गेली. ज्यांनी वर्षानुवर्षे चाहते जमवले होते, त्यांना त्याच चाहत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजावे लागू लागले.

भारतातील अनुभव याहून कठोर होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील अनेक तरुणांनी या माध्यमावर मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला होता आणि तो एका रात्रीत दिसेनासा झाला. अमेरिकेतही तशी वेळ आली. टिकटॉकविषयीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२५ रोजी वैध ठरवला आणि त्या आठवड्याच्या अखेरीस हे अ‍ॅप काही तास बंद पडले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, परंतु ज्यांचा सगळा धंदा त्या एकाच ठिकाणी होता त्यांना ते काही तास पुष्कळ काही शिकवून गेले.

महाराष्ट्रातील 'आपली आजी' या यूट्यूब वाहिनीची हकीकतही अशीच आहे. नगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनी नातवाच्या मदतीने २०२० मध्ये पाककृतींची वाहिनी सुरू केली. काही महिन्यांतच तिला लाखो प्रेक्षक लाभले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वाहिनी हॅक झाली आणि काही दिवस कष्टाची सारी कमाई हातची गेल्यासारखी स्थिती झाली. वाहिनी परत मिळाली आणि पुढे आजींच्या मसाल्यांनाही मागणी आली. तरी कष्ट आजींचे होते आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती होती, हे त्या चार दिवसांनी दाखवून दिले.

यावर माध्यम सोडून देणे हा उपाय नाही. भाड्याच्या दुकानात धंदा करणारा शहाणा व्यापारी गिऱ्हाइकांची वही स्वतःच्या कपाटात ठेवतो. आजच्या भाषेत ती वही म्हणजे गिऱ्हाइकाच्या संमतीने घेतलेले ईमेल पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि मागच्या खरेदीची नोंद. इन्स्टाग्राम उद्या बंद पडले तरी ज्यांना थेट कळवता येईल अशी किती माणसे आहेत, हा प्रश्न फॉलोअरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

घाईची किंमत

स्टेट कॉलेजने समाजमाध्यमांचा एक कटू धडाही घेतला आहे. पेन स्टेटच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये 'ऑनवर्ड स्टेट' हे संकेतस्थळ सुरू केले. 'डेली कॉलेजियन' या जुन्या विद्यार्थी वृत्तपत्राच्या तुलनेत ते चपळ, खेळकर आणि ट्विटरवर सतत हजर असे होते. नोव्हेंबर २०११ मध्ये विद्यापीठातील माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांच्यावरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचे प्रकरण उघड झाले. चार दशकांहून अधिक काळ संघाचे मुख्य प्रशिक्षक असलेले जो पॅटर्नो यांना पदावरून दूर करण्यात आले. साऱ्या देशाचे लक्ष या गावाकडे लागले आणि ऑनवर्ड स्टेटचा वाचकवर्ग गावाबाहेर पसरला.

२१ जानेवारी २०१२च्या संध्याकाळी, पॅटर्नो रुग्णालयात अत्यवस्थ असताना, या संकेतस्थळाने त्यांचे निधन झाल्याचे ट्विट केले. त्यामागे एक बनावट ईमेल होता आणि पुरेशी पडताळणी झालेली नव्हती. सीबीएस स्पोर्ट्सने ती बातमी उचलली आणि काही मिनिटांत ती देशभर पसरली. कुटुंबाने तिचा इन्कार केला. पॅटर्नो यांचे निधन दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. व्यवस्थापकीय संपादकाने चूक जाहीरपणे मान्य करून राजीनामा दिला आणि काय घडले याचा सविस्तर खुलासा वाचकांपुढे ठेवण्यात आला.

ज्या वेगामुळे या संकेतस्थळाने वाचक मिळवले, त्याच वेगामुळे त्याची पत एका संध्याकाळी पणाला लागली. तरीही ऑनवर्ड स्टेट टिकून राहिले. लपवाछपवी न करता दिलेला खुलासा आणि त्यानंतर वर्षानुवर्षे केलेले काम यांचा त्यात वाटा मानावा लागेल. लहान व्यवसायासाठी हा प्रसंग दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. गणपतीत मोदकांची मागणी घेऊन ते वेळेवर पोहोचले नाहीत, तर तक्रार दुकानाच्या दारात येत नाही. ती थेट मंडळाच्या फेसबुक गटात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येते. त्या क्षणी प्रतिक्रिया पुसून टाकणारा आणि 'चूक आमची, पैसे परत करतो' असे सर्वांसमोर लिहिणारा, या दोघांच्या पुढच्या वर्षीच्या मागणीत फरक पडल्याशिवाय राहत नाही.

ओळखीची साखळी

याच गावातील दुसरे उदाहरण अधिक आशादायक आहे. १९७३ पासून पेन स्टेटचे विद्यार्थी दरवर्षी 'थॉन' नावाचा नृत्याचा सोहळा भरवतात. आज तो ४६ तास चालतो. त्यातून जमणारा निधी 'फोर डायमंड्स' या संस्थेमार्फत बालकर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांच्या उपचारांसाठी आणि संशोधनासाठी जातो. निधी गोळा करण्याची एक रूढ पद्धत म्हणजे गावोगावी जाऊन चौकात, दुकानांसमोर डबा घेऊन उभे राहणे. २०१५ मध्ये अशा एका फेरीदरम्यान झालेल्या मोटार अपघातात एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. पुढील काही वर्षांत ही डबा फिरवण्याची प्रथा बंद करण्यात आली.

२०१४ मध्ये थॉनने १ कोटी ३३ लाख डॉलरहून अधिक निधी जमवला होता. २०१७ मध्ये तो सुमारे १ कोटी डॉलरवर आला होता. या घसरणीला एकच कारण होते असे म्हणता येणार नाही. मात्र त्यानंतर निधिसंकलनाचा भर प्रामुख्याने ऑनलाइन आवाहनांवर आला. प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे देणगीपान, त्यावर तो नाचणार कोणासाठी याची हकीकत, आणि ते पान पोहोचते कोणापर्यंत तर त्याच्या मावशी-काकांपर्यंत, शाळेतील शिक्षकांपर्यंत आणि शेजाऱ्यांपर्यंत. २०२२ मध्ये जुना उच्चांक मागे पडला आणि २०२५ मध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

येथे समाजमाध्यमांचा उपयोग झाला तो अनोळखी लाखोंना गाठण्यासाठी नव्हे. हजारो विद्यार्थ्यांनी आपापल्या ओळखीच्या पन्नास-शंभर माणसांना नावाने हाक मारली. चौकातला डबा अनोळखी माणसापुढे धरला जात होता, तर पान ओळखीच्या माणसाकडे जाते आणि त्याला नाही म्हणणे अवघड असते. शिवाय कर्करोगावर मात करणारी मुले आणि त्यांची कुटुंबे या सोहळ्याला स्वतः येतात, त्यामुळे पैसे कोठे गेले हे देणाऱ्याला दिसते. परिचय, कारण आणि हिशेब या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिसाद मिळतो.

मराठी समाजाला ही रीत नवी नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने, गावोगावची महाराष्ट्र मंडळे, रविवारच्या मराठी शाळा या सगळ्या अशाच ओळखीच्या साखळ्या आहेत. मंडळाच्या गणेशोत्सवात स्वतः उभे राहून दोनशे माणसांना चाखवलेल्या करंजीचे मोल पुष्कळदा वीस हजारांनी पाहिलेल्या रीलपेक्षा जास्त असते. ते दोनशेजण जवळ राहतात, एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांना विचारून खरेदी करतात.

लोकांना सांगावीशी वाटणारी गोष्ट

ओळखीच्या साखळीतून काहीतरी वाहायलाही हवे. पेन स्टेटच्या आवारातील बर्की क्रीमरी हे आइस्क्रीमचे दुकान जाहिरातीपेक्षा एका नियमामुळे अधिक ओळखले जाते : येथे एकाच कपात दोन चवी मिळत नाहीत. १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन आले तेव्हा त्यांच्यापुरता हा नियम शिथिल झाला, ही हकीकत नव्या विद्यार्थ्याला आजही सांगितली जाते. नियम गैरसोयीचा आहे, पण तो दुकानाचा स्वभाव सांगतो.

मराठी वाचकाला येथे पुण्याच्या चितळे बंधूंची आठवण झाली नाही तरच नवल. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर पुणेकरांनी किती विनोद रचले याची गणती नाही. समाजमाध्यमांच्या काळात ते विनोद जगभरच्या मराठी गटांत फिरले. १ जुलै २०१७ पासून चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडे ठेवण्याचे ठरवले, तेव्हा एका मिठाईच्या दुकानाच्या वेळापत्रकाची बातमी झाली. एवढा प्रतिसाद कोणत्याही जाहिरात संस्थेला विकत आणून देता आला नसता. त्याच्या मुळाशी मात्र विनोद नव्हता. बाकरवडीची वर्षानुवर्षे न बदललेली चव होती आणि विनोद त्या चवीच्या आधाराने जगला. माल सुमार असता तर दुपारच्या कुलपाची चेष्टा करण्याचेही कष्ट कोणी घेतले नसते.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहत असताना यूट्यूबवर पाककृती दाखवण्यास सुरुवात केली. पुढे त्यांच्या मराठी वाहिनीने घराघरांत स्थान मिळवले आणि त्या नावाने मसाल्यांचा व्यवसायही उभा राहिला. इंग्रजीत बोलल्याने बाजारपेठ मोठी होते हा समज प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. इंग्रजीत भारतीय पाककृती दाखवणारे असंख्य आहेत, तर 'भाजणी खमंग भाजून घ्या' एवढ्या शब्दांत वास जागा करणारी भाषा ज्यांना कळते तो वर्ग लहान असला तरी निष्ठावान आहे.

विकतची लोकप्रियता आणि कायदा

आकड्यांच्या हव्यासातून आडवाटा निघतात. पैसे देऊन फॉलोअर, लाइक आणि परीक्षणे मिळवून देणारे बरेचजण आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'देवूमी' या कंपनीवर खोटे फॉलोअर विकल्याबद्दल कारवाई केली आणि २५ लाख डॉलरचा आदेश निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये याच आयोगाने खोट्या परीक्षणांविरुद्धचा नियम अंतिम केला आणि तो २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून घेतलेली बनावट परीक्षणे, नाते न सांगता घरच्यांनी किंवा नोकरांनी लिहिलेली परीक्षणे, तसेच व्यवसायाचा प्रभाव फुगवून दाखवण्यासाठी जाणूनबुजून घेतलेले खोटे फॉलोअर या सर्वांवर त्यात बंदी आहे. दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक उल्लंघनामागे ५० हजार डॉलरच्या वर जाते.

'गूगलवर पाच तारे देऊन टाका' असे मेहुण्याला सांगणे मराठी घरांत निरुपद्रवी मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते तसे राहिलेले नाही. भारतात माल विकणाऱ्यांनाही तेथील नियम पाहावे लागतील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे स्पष्टपणे सांगावे लागते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. पेनसिल्व्हेनियात घरच्या स्वयंपाकघरातून पदार्थ विकण्यापूर्वी बहुतेक भागांत राज्याच्या कृषी विभागाकडे नोंदणी करावी लागते. रील लोकप्रिय होण्याच्या आत ती झालेली बरी.

व्हिसाची रेघ

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी सर्वांत गंभीर भाग हाच आहे. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांच्या आधारे पैसे कमावण्याची मुभा मिळाली. स्टेट कॉलेजसारख्या गावात फॉलोअर असलेला खेळाडू स्थानिक दुकानांच्या जाहिरातींत दिसू लागला. त्याच संघातील एफ-१ व्हिसावरील परदेशी खेळाडू मात्र बहुतांशी या कमाईपासून दूर राहिले, कारण परवानगीशिवाय काम करणे हा त्यांच्या व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो.

हीच रेघ सामान्य विद्यार्थ्यालाही लागू आहे. वसतिगृहातील खोलीतून यूट्यूब वाहिनी चालवणे हा छंद आहे. तिच्यावर नियमित काम करून जाहिरातींचे किंवा प्रायोजकांचे पैसे घेणे हा रोजगार मानला जाण्याचा धोका आहे. एच-१बी व्हिसाधारकाला ज्या मालकासाठी परवानगी मिळाली त्याच्यासाठीच काम करता येते. एच-४ व्हिसावरील जोडीदाराला कामाचा परवाना मिळण्याची तरतूद मे २०१५ पासून आहे, पण ती सरसकट नाही. मुख्य अर्जदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेली असावी लागते. परवाना हाती असेल तर स्वतःचा व्यवसायही करता येतो. नसेल तर 'हौस म्हणून' सुरू केलेली फराळाची विक्री साऱ्या कुटुंबाचा अर्ज अडचणीत आणू शकते.

पूर्वी अशा गोष्टी नजरेआड राहत असत. आता तसे राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थी आणि विनिमय व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले. १५ डिसेंबर २०२५ पासून ही तपासणी एच-१बी आणि एच-४ अर्जदारांनाही लागू झाली. अनेकांना याच व्हिसाचा शिक्का घेण्यासाठी भारतात जावे लागते. त्या वेळी 'ऑर्डरसाठी संदेश पाठवा' असे लिहिलेले सार्वजनिक पान अधिकाऱ्यासमोर उघडे असणार. जितका प्रसार अधिक, तितका पुरावाही अधिक. म्हणून फॉलोअर वाढवण्याच्या सल्लागाराआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलणे, ही या व्यवसायाची पहिली पायरी मानली पाहिजे. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना ही अडचण नाही. कुटुंबात व्यवसाय कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्ष काम कोण करतो, या दोन्हींचा विचार मात्र एकत्र करावा लागतो.

मोजायचे काय?

प्रसाराची गरजच नाही, असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. नव्या व्यवसायाचे नाव कोणाच्या कानावरच गेले नाही तर विश्वास निर्माण होण्याचा प्रश्नच येत नाही. सामन्याच्या शनिवारी दुकान बंद ठेवणारा स्टेट कॉलेजचा दुकानदारही शहाणा म्हणवला जाणार नाही. त्या दिवशी आलेल्या शंभर अनोळखी माणसांपैकी चौघांना फेब्रुवारीच्या बर्फातही आपल्याकडे यावेसे वाटेल असे काही करणे, हे त्याचे खरे काम आहे.

माध्यम कंपन्याही आता साध्या लाइकपलीकडे पाहतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की, चलचित्र किती वेळ पाहिले गेले, किती जणांनी लाइक केले आणि किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवले या गोष्टींना क्रमवारीत सर्वाधिक महत्त्व असते. कंपनीचा हेतू प्रेक्षकाला अ‍ॅपमध्ये थांबवून ठेवण्याचा आहे, तर व्यावसायिकाला त्याने बाहेर येऊन मागणी नोंदवायला हवी आहे. दोघांचे मोजमाप एक असण्याचे कारण नाही.

व्यावसायिकाच्या वहीत चार आकडे असले तरी पुरे. या महिन्यात दुसऱ्यांदा खरेदी करणारे किती? नव्या गिऱ्हाइकांपैकी ओळखीच्या शिफारशीने आलेले किती? किती प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर दिले गेले? आणि कोणतेही अ‍ॅप मध्ये न येता थेट कळवता येईल अशी माणसे किती? हे आकडे लहान असतील आणि कोणाला दाखवून मिरवण्यासारखे नसतील. पण दर महिन्याला ते वाढत असतील, तर व्यवसाय वाढत आहे.

सामना संपल्यावर बीव्हर स्टेडियममधून लाखभर माणसे बाहेर पडतात आणि रस्त्यांवर तासन्‌तास मोटारींच्या रांगा लागतात. सोमवारी सकाळी गाव पुन्हा ४० हजारांचे आणि विद्यार्थ्यांचे होते. त्या सोमवारी कॉफी घ्यायला कोण आले, यावर तेथील दुकानाचे वर्ष ठरते. समाजमाध्यमांवर दुकान मांडणाऱ्या मराठी व्यावसायिकानेही आपला हिशेब त्या सोमवारपासून मांडावा.